महिनाअखेरचा खडखडाट, घरातले वाद आणि सेनेका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय पस्तिशीचं, आयटीत नोकरी, पगार चांगला. तरी वीस तारीख उलटली की खात्यात खडखडाट. ऑनलाइन खरेदी आणि बाहेरचं खाणं आवरत नाही, त्यावरून घरी वाद होतात आणि वादात तोंडाचा पट्टा सुटतो. मोबाइलवर रोमन तत्त्वज्ञ सेनेका, सम्राट मार्कस ऑरेलियस यांची वचनं रोज दिसतात. सकाळी पटतात, संध्याकाळपर्यंत विसरली जातात. तर या रोमन मंडळींकडून खरंच काही घेता येईल का? की फ्लेमिंगोच्या जिभा खाणारे आणि गुलाम राबवणारे लोक आपल्याला संयम काय शिकवणार?

मी समुपदेशक आहे आणि विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीनं काम करतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत 1955 साली न्यूयॉर्कमध्ये मांडली, आणि आपण एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस या तत्त्वज्ञांचे ऋणी आहोत हे त्यांनी उघडपणे सांगितलं आहे. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. त्यामुळे हे रोमन लोक माझ्या कामाच्या टेबलावर रोज असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण भक्ती नाही.

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं उत्तर तिच्यातूनच निघतं.

आपण खादाड आणि उधळे झालो आहोत हे रोमन लोकांना पक्कं ठाऊक होतं. त्यावर त्यांनी आधी काढलेला उपाय म्हणजे कायदा. कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं त्यांचं सैन्य कापून काढलं, त्यानंतर इ.स.पू. 215 मध्ये ओपियन कायदा आला: बाईनं अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी वस्त्र नेसायचं नाही, शहरात गाडीतून फिरायचं नाही. युद्ध संपलं, पैसा परत आला, कायदा मात्र तसाच राहिला. इ.स.पू. 195 मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, फोरमकडे (शहराच्या मुख्य चौकाकडे) जाणाऱ्या वाटा त्यांनी अडवल्या. कडक शिस्तीचा थोरला केटो तेव्हा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी होता. त्यानं कायद्याच्या बाजूनं घणाघाती भाषण केलं, तरी कायदा रद्द झालाच.

पुढे मोर्चा जेवणाकडे वळला. इ.स.पू. 161 च्या फॅनियन कायद्यानं ठरावीक सणांना शंभर आस आणि एरवीच्या दिवशी दहा आस अशी जेवणावरच्या खर्चाची मर्यादा घातली (आस म्हणजे त्यांचं तांब्याचं नाणं). पक्ष्यांपैकी पानात फक्त एक कोंबडी, तीही मुद्दाम खायला घालून माजवलेली नसावी, असं कलम होतं. यावर रोमन स्वयंपाकघरांनी काढलेली पळवाट प्लिनी या रोमन लेखकानं नोंदवून ठेवली आहे. कायद्यात कोंबडी म्हटलंय ना? मग कोंबडा माजवा, आणि त्याला दुधात भिजवलेलं खाणं घाला! एकादशी अन् दुप्पट खाशी हा प्रकार आपल्याकडेच आहे असं कुणी समजू नये.

ज्युलियस सीझरनं तर बाजारात पहारेकरी बसवले. त्यांच्या नजरेतून एखादा पदार्थ सुटला तर शिपाई थेट जेवणघरात घुसून वाढलेलं ताट उचलून आणत. उपयोग शून्य. इ.स. 22 मध्ये सिनेटनं पुन्हा खर्चबंदीचा विषय काढला, तेव्हा सम्राट टायबेरियसनं पत्र पाठवून सांगितलं की या भानगडीत मला पाडू नका. हा टायबेरियस स्वतः मात्र मेजवानीला आदल्या दिवशीचं उरलेलं मांस वाढायचा. अर्धाच रानडुक्कर मांडायचा आणि म्हणायचा, अख्ख्यात जे असतं ते सगळं या अर्ध्यातही आहे. शेवटी ताटावरचा डामडौल कमी झाला तो व्हेस्पेशियनच्या काळात. इतिहासकार टॅसिटसनं त्याचं कारण दिलं आहे: सम्राटच जुन्या वळणाचं साधं राहायचा, आणि त्याचं अनुकरण करण्याची हौस लोकांना दंडाच्या भीतीपेक्षा जास्त होती.

थोडं विषयांतर करतो. त्या पत्रात टायबेरियस कुरकुरतो की बायकांच्या रत्नांपायी आमचा पैसा परक्या लोकांकडे जातो. हे परके लोक कोण? प्लिनीच्या हिशेबानं वर्षाला पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) एकट्या भारताकडे जात होते. त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून गोमेद आणि तेरहून सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला येतं अशी नोंद आहे. म्हणजे रोममध्ये ज्या उधळपट्टीच्या नावानं खडे फोडले जात होते, तिच्यावर आपल्या धाराशिवकडच्या कुणा विणकराचं घर चालत असणार. एकाचा असंयम ही दुसऱ्याची रोजीरोटी असते. आज तुमच्या मोबाइलवर सेलची सूचना पाठवणारा माणूसही त्याची नोकरीच करत असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मुद्दा असा की बाहेरून घातलेल्या बंधनाला माणूस कोंबडा शोधतोच. माझ्याकडे येणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. बायकोनं कार्ड काढून घेतलं की यूपीआय चालू होतं. ॲप काढून टाकलं की ब्राउझरवरून मागवलं जातं. 'या महिन्यात काही घ्यायचं नाही' असं ठरवलं की मुलाच्या नावावर घेतलं जातं. म्हणून रोमन कायद्यांतून शिकण्यासारखं फारसं काही नाही. शिकायचं ते कायद्याच्या धाकाविना स्वतःला आवरू पाहणाऱ्या माणसांकडून.

त्यात गुलाम बरेच. पब्लिलियस सायरस हा सीरियातून गुलाम म्हणून आलेला नाटककार. त्याच्या नाटकांतली सुटी वाक्यंच तेवढी उरली, सुमारे सातशे. 'गरिबीला पुष्कळ गोष्टींची वाण असते, हावेला सगळ्याचीच' हे त्याचंच. कवी होरेसचा बाप मुक्त झालेला गुलाम. एपिक्टेटस तर सम्राट नीरोच्या दरबारातल्या एपॅफ्रोडायटसचा गुलाम, पायानं अधू. पुढे सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना हाकलून दिलं, तेव्हा त्यानं ग्रीसमध्ये निकोपोलिसला शाळा काढली. ज्याचं शरीरसुद्धा दुसऱ्याच्या मालकीचं आहे त्यानं 'माझ्या हातात नेमकं काय आहे' असा प्रश्न विचारणं हा हौसेचा मामला नसतो. त्याचं उत्तर होतं की घडणाऱ्या गोष्टी हातात नाहीत, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी हातात आहे. एलिस यांनी उचललं ते नेमकं हेच.

आता कामाचं. या सगळ्यांचा सराव बारकाईनं पाहिला तर दोनच हत्यारं पुन्हा पुन्हा दिसतात: थोडा उशीर आणि रोजचा हिशेब. मोठा निश्चय, शपथ, आमूलाग्र बदल वगैरे त्यात नाही.

उशिराचं आधी सांगतो. सेनेकानं क्रोधावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात तो रागाच्या पायऱ्या सांगतो. पहिला झटका आपोआप येतो. अंगावर गार पाणी पडल्यावर काटा येतो तसा. तो थांबवता येत नाही आणि त्याबद्दल स्वतःला दोष द्यायचं कारण नाही. दुसऱ्या पायरीवर मन एक वाक्य बोलतं: 'माझ्यावर अन्याय झालाय, याची परतफेड व्हायलाच हवी.' या वाक्याला तुम्ही मान डोलावली की तिसरी पायरी सुरू होते, आणि तिथे कुणाचंच ऐकलं जात नाही. म्हणजे काम करायला जागा आहे ती फक्त दुसऱ्या पायरीवर, आणि तिथे पाय टेकवायचा तर वेळ लागतो. रागावर सगळ्यात मोठा उपाय उशीर, असं सेनेका लिहितो ते यासाठी.

सम्राट ऑगस्टसचा गुरू अथेनोडोरस म्हातारपणी निरोप घेताना त्याला सांगून गेला की राग आला की चोवीस अक्षरांची मुळाक्षरं मनात म्हणून झाल्याशिवाय काही बोलू नकोस, काही करू नकोस. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला दिलेला हा सल्ला बालवाडीतला वाटतो, पण बिनतोड आहे. या ऑगस्टसचीच एक हकीकत सेनेका सांगतो. वेडियस पोलिओ नावाच्या धनाढ्याकडे तो जेवायला गेला होता. एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. याला तलावातल्या मोठ्या वाम माशांपुढे टाका, असा हुकूम पोलिओनं सोडला. पोरगा सुटून ऑगस्टसच्या पायाशी आला. त्याची विनवणी जीव वाचवण्याची नव्हती, वेगळ्या तऱ्हेनं मरू द्या एवढीच होती. ऑगस्टसनं त्याला सोडवलं, घरातले सगळे स्फटिकाचे पेले आपल्यासमोर फोडायला लावले आणि तो तलाव बुजवून टाकला. एका पेल्याची किंमत किती धरायची हे पोलिओला त्या दिवशी कळलं असेल.

खरेदीलाही हाच उशीर लागू पडतो. एपिक्टेटस म्हणतो, एखाद्या सुखाचा मोह झाला की त्याला जरा थांबायला लाव. मग दोन वेळा डोळ्यांपुढे आण: ते उपभोगत असतानाची वेळ, आणि नंतर हळहळत स्वतःला बोल लावशील ती वेळ. त्यांच्यासमोर तिसरी ठेव, मोह टाळलास तर स्वतःवर किती खूश होशील ती. मोह वाईट आहे असं तो म्हणत नाही. फक्त तिन्ही वेळांचं चित्र एकदम पाहायला सांगतो, आणि सेलची जाहिरात नेमकं तेच होऊ देत नाही. तिच्यात घड्याळ उलटं चालू असतं, 'फक्त दोन शिल्लक' लिहिलेलं असतं. तुमच्यासाठी याचा साधा अर्थ असा की वस्तू कार्टमध्ये टाका, पैसे मात्र दुसऱ्या दिवशी भरा. ठरावीक वेळी, आणि जेवण झाल्यावर. भुकेल्या पोटी फोन हातात घेऊ नका, खाण्याचा तर मुळीच नाही. आणि भरताना केटोचं एक वाक्य आठवा: जी वस्तू लागत नाही ती एका आसलाही महागच. पन्नास टक्के सूट आहे हा त्या वस्तूबद्दलचा मुद्दा नव्हेच.

दुसरं हत्यार हिशेबाचं. हे माझ्या विशेष आवडीचं आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. सेनेकाच्या आधीच्या पिढीत सेक्स्टियस नावाचा एक तत्त्वज्ञ होता. दिवस संपला की तो मनाला विचारायचा: आज कुठली खोड दुरुस्त केलीस? कुठल्या दोषाला अडवलंस? कशात सुधारणा झाली? सेनेकानं ही सवय उचलली. तो लिहितो की दिवा नेला की आणि माझी सवय माहीत असलेली बायको गप्प झाली की मी सगळा दिवस तपासतो, माझं बोलणं आणि वागणं पुन्हा मोजतो, काही लपवत नाही, काही वगळत नाही. का घाबरावं? 'पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ करतो' असं मी स्वतःलाच म्हणू शकतो ना.

त्याच्या नोंदी किती बारीक आहेत ते पाहा. अमक्या वादात तू फार भांडखोरपणे बोललास. ज्यांना कधी काही शिकायचंच नव्हतं त्यांच्याशी पुन्हा वाद घालू नकोस. तमक्याला नको तितकं स्पष्ट बोललास, त्यामुळे तो सुधारला नाही, दुखावला गेला. मेजवानीत मानाची जागा मिळाली नाही म्हणून यजमानावर चिडलास. साम्राज्यातला बडा माणूस, आणि हिशेबात कोण कुठे बसलं याचा राग! मला हे वाचताना फार बरं वाटतं.

बारीकपणाचा फायदा कसा होतो ते माझ्याकडच्या एका वहीतून सांगतो, अर्थात त्या गृहस्थांच्या परवानगीनं. सुरुवातीच्या पानांवर 'आज परत चिडलो', 'खर्च जास्त झाला', 'सुधारायला हवं' असलीच वाक्यं होती. त्यांतून काहीही हाती लागत नव्हतं. मग वेळ आणि तोंडून निघालेलं नेमकं वाक्य लिहायचं ठरलं. काही दिवसांनी एक नोंद आली: 'संध्याकाळी साडेसात. ऑफिसमधून आलो, बूट काढत होतो. हिनं सोसायटीचा मेंटेनन्स भरला का विचारलं. मी म्हणालो, घरात पाऊल टाकायच्या आधी सुरू कर तू.' त्याच्या आदल्या आठवड्यातली नोंदही साडेसातची, दारातलीच. त्याच्याही आधीची तीच. 'मी तापट आहे' हा त्यांचा समज होता. वहीत दिसला तो दारातला पाव तास. मग दोघांनी मिळून ठरवलं की चहा होईपर्यंत पैशाचा विषय काढायचा नाही. स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही, पण भांडणं निम्म्यावर आली असं दोघंही सांगतात.

एपिक्टेटसची पद्धत अजून रोकडी आहे. किती दिवस राग आला नाही ते मोज, असं तो सांगतो. आधी रोज यायचा, मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन. तीस दिवस रागाविना गेले तर देवाला नैवेद्य दाखव. मोबाइलमधल्या सवयी मोजणाऱ्या ॲपचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की त्यानं हे कुणाला दाखवायला सांगितलेलं नाही, उलट बजावलं आहे: तहान सोसण्याचा सराव करायचाच असेल तर गार पाणी तोंडात घे, थुंकून टाक आणि कुणाला सांगू नकोस. संयमाचे फोटो टाकणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

तिसरा एक सराव आहे, तो महिन्यातून एकदा पुरे. सेनेकाचं अठरावं पत्र डिसेंबरातलं आहे. सॅटर्नेलियाच्या सणाची धामधूम सुरू आहे, सगळं शहर घामाघूम झालंय. तो आपला मित्र ल्युसिलियस याला लिहितो की काही दिवस मुद्दाम काढ. तीन-चार दिवस अगदी स्वस्त आणि थोडकं खा, जाडंभरडं नेस आणि स्वतःला विचार: मी ज्याला भीत होतो ते हेच का? सुखाचा पुरस्कार करणारा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसही असं करायचा, हे तो आवर्जून सांगतो. एपिक्युरसचं जेवण एका आसच्या आत भागायचं, त्याच्या मित्राला मात्र पूर्ण आस लागायचा, कारण त्याची प्रगती अजून तेवढी झाली नव्हती! आणि लगेच टोला: यात तू काही फार मोठं करतोयस असं समजू नकोस, हजारो गुलाम आणि हजारो गरीब हेच रोज करतात. तुमच्यासाठी याचा अर्थ महिन्यातले चार दिवस घरचं वरण-भात-भाजी आणि ऑफिसला लोकल किंवा बस. वाचलेले पैसे हा यातला गौण भाग. पगार थांबला तर काय होईल ही जी धास्ती मनात असते, आणि जिच्यापायी माणूस आजच हवं ते घेऊन टाकतो, ती या चार दिवसांत बरीच उतरते.

आता सेनेकाच्या श्रीमंतीचं. तुम्ही विचारलं नसलं तरी कुणीतरी विचारणारच. इ.स. 58 मध्ये सुइलियस नावाच्या वकिलानं भर रोममध्ये विचारलं होतं की कुठल्या तत्त्वज्ञानाच्या जोरावर यानं चार वर्षांत तीस कोटी सेस्टर्स जमवले? प्रश्न रास्त होता. विचारणारा स्वतः धुतल्या तांदळासारखा नव्हता ही गोष्ट वेगळी. सेनेकाचं उत्तर असं की शहाण्या माणसानं संपत्ती घरात ठेवावी, मनात नाही. मला ते पुरेसं पटत नाही. पण तरुणपणी सोडलेली कालवं आणि अळिंबी त्यानं जन्मात पुन्हा तोंडात घातली नाहीत, हेही त्याच्याच पत्रात आहे. मी त्याला गुरू मानत नाही, सहकारी रुग्ण मानतो. तो स्वतःही म्हणतो की मी वैद्य नाही, एकाच खोलीत पडलेल्या आजाऱ्यासारखा तुझ्याशी आपल्या दुखण्याबद्दल बोलतोय.

केटोपासून मात्र सावध राहा. 'घरधन्यानं विकणारं असावं, घेणारं नव्हे' हे त्याचं वाक्य काटकसरीचे धडे देणारे हौसेनं सांगतात. त्याच्या अलीकडचं वाक्य सांगत नाहीत. शेतीवरच्या त्याच पुस्तकात काय काय विकून टाकावं याची यादी आहे: म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारं, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं याबद्दल केटोला चांगलंच सुनावलं आहे: मी तर माझ्यासाठी राबलेला म्हातारा बैलही विकणार नाही. काटकसरीच्या नावाखाली आईच्या औषधांवर किंवा कामवाल्या मावशींच्या पगारावर कात्री चालायला लागली की समजा, तुम्ही केटोच्या वाटेला लागलात.

मग सुरुवात कुठून करायची? वहीपासून. पैशाचा आणि बोलण्याचा हिशेब एकाच पानावर, झोपण्याआधी, पाच-सात ओळी. सल्ले लिहू नका, घडलं ते लिहा. कार्टचा एक दिवसाचा उशीर त्याच आठवड्यात सुरू करा. वरण-भाताचे चार दिवस पुढच्या महिन्यात. तिन्ही एकदम धरलंत तर दहा दिवसांत सगळंच सुटेल.

हे सगळं सवयीच्या खर्चाला आणि सवयीच्या रागाला लागू पडतं. ऑनलाइन जुगार, रोजची दारू, कर्ज फेडायला घेतलेलं कर्ज, किंवा रागात हात उगारला जाणं यापैकी काही असेल तर वही पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि लवकर जा. आणि वाचायचंच असेल तर मार्कस ऑरेलियसपासून सुरुवात करू नका. त्यानं आपले विचार स्वतःपुरते टिपून ठेवले होते, संदर्भाशिवाय ते तुटक वाटतात. आधी सेनेकाची पत्रं घ्या, तीही अठराव्यापासून. मग क्रोधावरच्या ग्रंथाचा तिसरा भाग. एपिक्टेटस त्यानंतर, कारण तो वाचकाची गय करत नाही.